निळ्या काठाचा वाडगा

आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारून वाटीभर काही आलं, तर ती वाटी घासायची, पुसायची आणि दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालून परत द्यायची. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, आणि माझ्या मुलीलाही मी मुद्दाम शिकवलं नाही. घरात बघून बघून ते येतं. दुबईच्या पलीकडे, अमिरातीतल्या फुजैऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मैमुनाबी राहायच्या, मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचं माझं भांड्यांचं येणं-जाणं इतकं झालं होतं, की कुठला डबा मूळचा कुणाचा यावरून आम्ही दोघी अधूनमधून भांडायचो. एकदाच त्यांनी खालच्या मजल्यावरच्या एका बाईचा डबा रिकामा परत पाठवला होता. बाईंशी त्यांचं वाजलं होतं. शिवी नाही, शब्द नाही, नुसता रिकामा डबा. ती बाई पुन्हा कधी वर आली नाही.

माझ्या नवऱ्याला, राजनला, घरातल्या कशाचंच वळण नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर, मोजे सोफ्याखाली. पण लग्नानंतर एवढी एक गोष्ट मी त्याच्या गळी उतरवली होती. खाल्लेलं भांडं घासायचं आणि रिकामं द्यायचं नाही. मी टॉवेलावरच थांबले असते तर बरं झालं असतं.

राजन बंदरात येणाऱ्या जहाजांचं तेल तपासायचा. फुजैऱ्याला जहाजं मुळात थांबतात ती तेल भरायलाच. त्या तेलाचे नमुने बाटल्यांत भरून आणायचे आणि त्यात पाणी किती, गाळ किती हे लॅबमध्ये बघायचं, असं काम. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात कंपनीनं त्याला ट्रेनिंगला नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोला पाठवलं. आमची ईशानी तेव्हा सहा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, विल यू सी सँटा?" मी बेसनाचे लाडू केले आणि डबा त्याच्या बॅगेत कोंबला. माणूस शाकाहारी, आणि निघाला मासे खाणाऱ्यांच्या गावाला.

तिकडून तो फोनवर सगळं सांगायचा आणि मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? दुपारी तीनलाच दिवे लावतात म्हणाला. खिडक्यांना पडदे नाहीत, प्रत्येक खिडकीत एक दिवा, रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात कोण काय करतंय ते सगळं दिसतं. ट्रॅममध्ये लोक बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या घेऊन चढतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. एका बागेत नुसते पुतळेच पुतळे, आणि एकाच्याही अंगावर कपडा नाही. "त्या थंडीत!" हे तो इतक्या कळवळ्यानं म्हणाला की मला हसू आवरेना. एक कॉफी दहा दिरहॅमला पडते, म्हणजे शंभर रुपये, म्हणून त्यानं कॉफी सोडली होती. तिथे तपकिरी रंगाचं चीज मिळतं, ते थोडंसं कंदी पेढ्यासारखं लागतं. पाव आणि ते चीज यांच्यावर त्याचं चाललं होतं.

काम्पेन नावाच्या टेकडीवर जुनी लाकडी घरं आहेत, त्यातल्या एकात खालची खोली त्याला मिळाली होती. घरमालकीण म्हातारी, नाव इंगेबोर्ग. तिचा नवरा हाल्वोर बोटीवर कामाला होता. एका हिवाळ्यात तो समुद्रात पडला, त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी राजनला सांगितलं होतं. मला वाटलं, एकटी बाई आहे, बोलायला माणूस हवं असेल.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारीच सगळं शहर बंद झालं. दुकानं बंद, कॅन्टीन बंद, बाई चर्चला गेलेल्या. राजनचा पाव संपला होता. त्यानं खोलीचं मागचं दार उघडलं तर पायरीवर, बर्फात, निळ्या काठाचा पांढरा वाडगा ठेवलेला. त्यात वाफाळणारी तांदळाची खीर, वर दालचिनी-साखर, मधोमध लोण्याचा गोळा वितळत होता.

"माझ्यासाठी ठेवली होती गं बाईंनी, न बोलता," तो फोनवर म्हणाला. "आईच्या हातची आठवली."

खिरीत एकच बदाम निघाला. लोण्याला एवढा सढळ हात आणि बदामाला कंजूस, म्हणून आम्ही दोघं हसलोसुद्धा. मग त्यानं वाडगा घासला, पुसला आणि त्यात माझा एक लाडू घालून पायरीवर होता तिथे ठेवून दिला.

"शाब्बास," मी म्हटलं.

जानेवारीत तो परत आला तेव्हा तो वाडगाही बरोबर होता. निघताना बाईंनी विचारलं म्हणे, खिरीतला बदाम कुणाला मिळाला? राजन म्हणाला, मला. तेव्हा त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि तो वाडगा त्याला दिला, आत बदामाच्या मिठाईचं गुलाबी डुक्कर. तिकडची पद्धतच आहे. नाताळच्या खिरीत एकच बदाम घालायचा, ज्याला मिळेल त्याला डुक्कर बक्षीस. ईशानीनं ते लगेच ताब्यात घेतलं, त्याचं नाव पिंकी ठेवलं, फ्रीजमध्ये जपून ठेवलं, आणि शेवटी कानापासून सुरुवात करून खाऊन टाकलं. वाडगा मी काचेच्या कपाटात ठेवला. शोभेलासा होता.

पुढचं नेमकं कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. मी ताट वाढायची आणि राजन म्हणायचा, "नको गं. पोट भरलंय."

"काय खाल्लंस?"

"काही नाही. पण भरलंय."

मला पहिला संशय आला तो कुठल्याही बायकोला येईल तोच. ऑफिसात कोण नवी आली आहे, डबा कुणाच्या घरचा? मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दालचिनीचा वास आला, आणि लोण्याचा. मी सुजीतला गाठलं. सुजीत म्हणजे राजनच्याच लॅबमधला डोंबिवलीचा मुलगा, एकटा राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायचा.

"वहिनी, राजन दिवसभर काही टच करत नाही," तो म्हणाला. "तुमचा डबा आम्हीच खलास करतो. मला वाटलं डाएट चाललंय."

माणूस जेवत नाही तर वाळायला हवा. हा वाळेना. उलट गाल वर आले, रंग उजळत गेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून पाठवून दिलं. फक्त तो गार पडत चालला होता. जुलैत बाहेर डांबर मऊ झालेलं असताना हा घरात एसी बंद करून ऑस्लोचा स्वेटर घालून बसायचा. त्याचा हात हातात घेतला की फ्रीजमधली बाटली धरल्यासारखं वाटायचं. ईशानी त्याच्या मांडीवर बसायची बंद झाली. "बाबा इज टू कोल्ड," ती म्हणाली, आणि राजननं ते ऐकलं. तो उठून बाल्कनीत जाऊन समुद्राकडे बघत उभा राहिला. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एकदा संध्याकाळी ताटं घेत असताना माझा हात काचेच्या कपाटातल्या त्या वाडग्याला लागला. तो गरम होता. आत काही नव्हतं, पण आत्ता कुणीतरी खाऊन खाली ठेवावा तसा गरम. बाहेरून राजनचा आवाज आला, "शोभना, माझं ताट नको घेऊस." मी हात मागे घेतला आणि कपाटाचं दार लावून टाकलं.

त्यानंतर त्याला बदाम मिळायला लागले. बोलता बोलता थांबायचा, तोंडात बोट घालायचा आणि एक अख्खा बदाम तळहातावर ठेवायचा. आमच्या घरात बदाम नव्हते. त्याला त्याचं नवलही वाटायचं नाही. टेबलावर ठेवायचा आणि पुढे बोलायला लागायचा.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही तिघं कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो होतो. मी ईशानीला कणीस घेत होते, वळून बघते तर राजन बूट घालूनच पाण्यात चाललेला. कंबरभर पाण्यात गेला होता. मी साडीसकट धावले, त्याचा शर्ट मागून धरला, ओढला. तो वळला आणि माझ्याकडे बघून हसला, पण रस्त्यावर वाट विचारणाऱ्या परक्या बाईकडे बघून हसावं तसा. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

"हाक आली," तो म्हणाला. "जेवायला बोलावलं."

"कुणी?"

त्याला सांगता येईना. मला मात्र तेव्हा सांगता आलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी ऑस्लोला फोन लावला.

बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. त्यांचं इंग्रजी माझ्याहून सावकाश होतं, पण स्वच्छ.

"मी राजनची बायको."

"तो पिवळा गोळा तुम्ही केला होतात," त्या म्हणाल्या. कोण, कशा, काही विचारलं नाही.

"ती खीर राजनसाठी नव्हती का?"

"नाही. हाल्वोरसाठी. दर नाताळला ठेवते. पाण्यातून कुणी घरी आलंच तर उपाशी जाऊ नये. सकाळी ती तशीच गोठलेली असते, मी फेकून देते. त्या वर्षी वाडगा रिकामा होता, आणि घासलेला. मला लगेच कळलं की हा हाल्वोर नव्हे. हाल्वोरनं जन्मात कधी वाडगा घासला नाही." त्या हसल्या. दुसरी वेळ असती तर मीही हसले असते. "पण आत तो गोळा होता. मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेलेला होता आणि पायरीवर पाणी होतं. मी चाखून बघितलं. खारट होतं."

आपल्याकडे श्राद्धाला ज्याला जेवायला बसवतात तो गेलेल्या माणसाच्या जागी बसलेला असतो. जेवून उठला की त्याचं काम संपतं. राजन त्या जागी जेवला होता, आणि उठला नव्हता. वर लाडू ठेवून आला होता. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, येणं-जाणं चालू ठेवा.

"तेव्हापासून मी रोज ठेवते, आता दुसऱ्या वाडग्यात," बाई सांगत होत्या. "ठेवते, दार लावते, पुन्हा उघडते तर वाडगा रिकामा. इतक्या वर्षांनी माझ्या घरी कुणीतरी जेवतंय."

"तो माझा नवरा आहे."

"हो. चांगला माणूस आहे. नाताळला तो आत येऊन टेबलाशी बसेल असं मला वाटतं."

"बंद करा," मी ओरडले. मग रडले. मग हात जोडले, फोनवर हात जोडून काय उपयोग! "माझी मुलगी लहान आहे. प्लीज बंद करा."



"मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला मूल नव्हतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं. पण नवरा माझा होता.

उपाय सुचला तो मैमुनाबींमुळे, आणि त्यांच्या नकळत. त्या ताटलीभर सांदणं घेऊन आल्या. राजनकडे बघून म्हणाल्या, "अगो शोभना, याच्यावरून काहीतरी उतरून टाक. माणूस घरात असून घरात नाय." त्या गेल्या, मी सांदणं काढून ताटली घासली आणि सवयीनं साखरेच्या डब्याकडे हात गेला. तो तिथेच थांबला. खालच्या बाईचा रिकामा डबा मला आठवला.

तो वाडगा परत गेलाच नव्हता. बाईंनी भरून दिला होता आणि तो माझ्याकडे होता. आता पाळी माझी होती. काही घालून पाठवला तर चालू राहणार. रिकामा पाठवला तर खलास.

नोव्हेंबरअखेरीला सुजीत त्याच ट्रेनिंगला निघाला. कुरियरवर माझा भरवसा नव्हता. वाडगा बाईंच्या हातातच पडायला हवा होता. मी तो घासला, तीनदा पुसला, आतून बोट फिरवून बघितलं. साखरेचा कणसुद्धा नव्हता. मनाला फार लागलं. आयुष्यात कधी कुणाला असं भांडं दिलं नव्हतं, आणि तेही एका एकट्या म्हातारीला. पण मन घट्ट केलं, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. ईशानी तिथेच बसून दूध पीत होती, तिच्या पुढ्यात बशीत एक लाडू.

"व्हेअर इज इट गोइंग?" तिनं विचारलं.

"त्या डुकरवाल्या आजींकडे. त्यांचा त्यांना परत."

खालून हॉर्न वाजला. मी रबर बँड शोधायला आत गेले. परत आले तोवर सुजीत दारात होता. "यल्ला वहिनी, चला लवकर, फ्लाइट दुबईहून आहे, ट्रॅफिक लागेल." कागद जरा सैल झाल्यासारखा वाटला. मी दोन रबर बँड लावले आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. "फक्त त्यांच्या हातात दे. आणि सांग, हे तुमचं भांडं. बाकी काही बोलू नकोस."

चार-पाच दिवसांनी दुपारी सुजीतचा फोन आला.

"वहिनी, आत्ताच देऊन आलो. बाईंनी माझ्यासमोरच उघडलं. इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू! रडल्याच. कॉफी पाजली, ते पेढेवालं चीज दिलं."

"खूश झाल्या?"

"फारच. तुम्हाला थँक्यू सांगितलंय. विचारत होत्या, मुलगी केवढी झाली. मी सांगितलं सात."

मला वाटलं, बाई समजूतदार निघाल्या. आपलं भांडं घरी आलं, एवढ्यातच त्यांनी समाधान मानलं. मी देवापुढे दिवा लावला आणि डोळे मिटून त्यांच्यासाठीही दोन शब्द बोलले.

संध्याकाळी राजन लॅबमधून आला तो दारातूनच म्हणाला, "शोभना, काय गं केलंयस? भयंकर भूक लागलीये."

त्यानं स्वेटर काढून सोफ्यावर फेकला होता. कपाळावर घाम होता. मी त्याचा हात धरला, चांगला ऊन, ओलसर हात. मी तो गालाला लावला आणि वेड्यासारखी हसायला लागले. "काय झालं तुला?" तो म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, हातपाय धू." त्यानं धुतले आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. तो तिथे पडलेला बघून मला इतका आनंद झाला की मी तो उचललाच नाही.

वरण-भात, लिंबू, बटाट्याची भाजी. दुसरं काही करायला वेळच नव्हता. तो पुढ्यात येईल ते खात सुटला होता. भात संपला की ताट पुढे करायचा, मी वाढायची. ईशानीच्या वाटणीची भाजीसुद्धा मी त्यालाच वाढली. मग माझं तिच्या ताटाकडे लक्ष गेलं. वाढलं तसंच होतं.

"जेव गं पटकन, गार होतंय."

"आय ॲम फुल, आई."

"काय खाल्लंस? शाळेत कुणाचा बर्थडे होता का?"

"नो. नथिंग." ती खुशीत होती. पाय हलवत बसली होती. "आई, आय पुट माय लाडू इन द बोल. यू फरगॉट! यू ऑल्वेज से, रिकामं नाही द्यायचं."

माझ्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात पडला. राजन जेवतच होता. त्याला ऐकू गेलं नसावं. मी खुर्ची सरकवून ईशानीजवळ बसले, तिला जवळ ओढलं. तिच्या तोंडाला दालचिनीचा वास येत होता.

"ईशू, तोंड उघड."

तिनं जिभेखाली बोट घातलं आणि काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. अख्खा बदाम, ओला, पांढरा. तिचे डोळे चमकले.

"लुक! डू आय गेट माय ओन पिंकी नाऊ?"

मी तिचा हात धरला आणि दोन्ही हातांनी चोळायला लागले. मला किंकाळी फोडायची होती, पण पोर घाबरली असती.

"अगं वाढ ना," राजन म्हणाला आणि ताट पुढे केलं. मी एका हातानं त्याला भात वाढला. दुसऱ्या हातात ईशानीची बोटं होती, आणि ती गार पडत चालली होती.